जनरेटरच्या खोलीची किल्ली

भूपाल चौगुलेंनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली,
पितळेची, डिझेलचा वास अंगात मुरलेली,
म्हणाले, "जमा करून घ्या साहेब,
तिकडं जायचं आता कारण उरलं न्हाई."

मी बिलांचा माणूस.
विद्यापीठाच्या विद्युत विभागात
चौदा वर्षं आकडे उतरवतोय :
मुलींचं वसतिगृह, ग्रंथालय, प्रयोगशाळेतले फ्रीज,
सभागृहातला एसी, रिकाम्या खुर्च्यांसाठी चालू राहिलेला.
युनिट, दर, स्थिर आकार.
धुराचा रकाना माझ्या वहीत नव्हता.

तो आखला विदुला हुक्केरीनं,
एम.एस्सी.ची पोर, पायात झिजलेली कापशी,
"काका, लिटरभर डिझेलमागं अडीच किलोच्या वर,
आणि भिंतीतून येणाऱ्या युनिटमागं पाऊण किलो धरा.
कोळसा इथं दिसत नाही,
पण कुठंतरी आपल्याच नावानं जळतोय."
मी गुणाकार केला.
पुन्हा केला.
माझ्याच वळणदार अक्षरात
वर्षाला तीन हजार टन,
आणि टेबल जराही वाकलं नव्हतं.

मग बैठका. चहा. निविदा, फेरनिविदा.
कुणीतरी म्हणालं, कोल्हापुरात चार महिने
ऊन असतं कुठं?
सगळे गप्प, कारण ते खरंच होतं.
"आठ उरतात की," विदुला म्हणाली,
आणि जुलैचा रकाना
तिनं प्रामाणिकपणे बारीक काढला.

आता परीक्षा भवनाच्या गच्चीवर
निळ्याकाळ्या पाट्या
जोतिबाच्या डोंगराकडं पाठ करून बसल्यात.
मेसमागं हसीना मुल्लाणी
टाकीच्या तोंडात उरलेला पांढरा रस्सा ओतते, शिळी भाकरी कुस्करते,
आणि पोरांवर ओरडते,
"लिंबाच्या साली टाकू नका रं, पोट बिघडतंय तिचं!"
म्हशीची तब्येत सांभाळावी तशी
ती गॅसची तब्येत सांभाळते.

चौगुलेंना शिडी मिळाली, बादली, लांब दांड्याचा पुसणा.
तालमीत घडलेलं शरीर, सत्तावन्नाव्या वर्षी
पहाटे गच्चीवर.
"पूर्वी लाईट गेली की पोरं माझी वाट बघायची," ते म्हणाले,
"धडधड ऐकली की टाळ्या.
आता गेलेली कळतच न्हाई कुणाला."
आणि पुसणा पिळताना
थोडा जास्तच पिळला.

डिसेंबरात गळीत हंगाम भरात आला
आणि मीटरचा आकडा उतरला.
ढग नव्हते. तारा ठीक होत्या.
वर गेलो तर पाट्यांवर काळे धागे,
हात लावला की विरणारे.
चौगुलेंनी एक तळव्यावर घेतला.
"पाचट. रात्री पेटवलेलं.
वारं सांगवड्याकडनं होतं..."
मग बराच वेळ पुसत राहिले.
"आमच्या भावाचंच असंल."

विदुलाच्या तक्त्यात
कुंपणाबाहेरचा रकाना नव्हता.

रविवारी तिघं सांगवड्याला गेलो.
भावानं गुळाचा चहा दिला, रागावला नाही.
एवढंच विचारलं,
"कुट्टीचं यंत्र एकरी किती घेतं, ठावं हाय?
तोडकरी पुढच्या शेतात उभं,
खोडवा आठ दिवसांत पाण्याला येतोय.
काडी एक रुपयाची बी न्हाई."
विदुलानं वही उघडली, काही लिहिलं नाही.
चौगुले अंगणातल्या राखेकडं बघत होते,
घरचीच राख, पण पुसायची
दुसऱ्याच्या गच्चीवर.

परतताना उचगावच्या फाटकापाशी थांबलो तेव्हा
मी एका जुन्या बिलाच्या पाठीवर
यंत्राचं भाडं आणि पाट्यांचं बुडलेलं ऊन
शेजारी शेजारी मांडून पाहिलं.
चार एकरांपर्यंत जुळतं.
पुढं नाही जुळत, अजून.

किल्ली ड्रॉवरमध्ये आहे.
जमापावतीवर "कारण" असा रकाना असतो.
चौगुलेंनी सांगितलेलं तिथं लिहायला घेतलं
आणि पेन तसंच धरून
खिडकीतून पूर्वेकडं बघत राहिलो,
कुठं धूर उठतोय का.